धोंडाई तयार झाली

प्रिय गजा,

तुझा फोन आला तेव्हा मी कापसाच्या बंडीवर होतो, धड बोलणं झालं नाही. एवढंच कळलं की दिवाळीनंतर तू डन्जन्स अँड ड्रॅगन्सचं, आपल्या फासे टाकून पात्रं रंगवायच्या खेळाचं, नवीन कॅम्पेन म्हणजे लांबलचक कहाणी चालवणार आहेस, सगळं जंगलात गडप झालेल्या जुन्या शहरांत घडणार आहे, आणि मी त्यात पुरातत्त्ववाला खेळावा अशी तुझी इच्छा आहे. सध्या ओलिताची लाईन रात्रीच येते. हरभऱ्याला पाणी देता देता चार रात्री त्याच माणसाचा विचार केला. ती बाई निघाली. तिचं नाव धोंडाई.

आकडे सांगण्याआधी एक जुनी गोष्ट काढतो. तुला तो मणी आठवतो ना? आपण सातवीत होतो, मृगाचा पाऊस नुकताच पडून गेला होता, आणि तुमच्या वावरात ओल्या मातीवर तो तांबडा मणी चमकत होता, वर पांढऱ्या रेघा. तिथल्या मोठमोठ्या दगडांच्या गोलाबद्दल आजी म्हणायची, "थे दगड गवळ्याचे होत, त्याईले हात लावू नोका." आपण दगडांना हात लावला नाही, मणी मात्र उचलला. वर्षभर गोट्यांच्या डब्यात ठेवून खेळलो.

मागच्या उन्हाळ्यात नागपूरहून संशोधन करणारी एक मुलगी गावात आली होती. मी तिला मणी दाखवला. ती हरखून गेली, आणि मग एकेक विचारू लागली. नेमका कुठे सापडला? गोलाच्या आत की बाहेर? शेजारी खापरं होती का, काळी-तांबडी? लोखंडाचा तुकडा? मला एकाचंही उत्तर देता आलं नाही. तू म्हणतोस नाल्याकडच्या धुऱ्याजवळ, मला आठवतं मोहाच्या झाडाखाली. दगड तर वावर सपाट करताना मशीनने नाल्यात ढकलले गेले. तिने मणी परत माझ्या हातावर ठेवला. तिच्या चेहऱ्यावर रागाचा लवलेश नव्हता, पण मला त्या रात्री झोप आली नाही.

गजा, नागपूरजवळच्या माहुरझरीच्या शिळावर्तुळांत, म्हणजे अशाच दगडांच्या गोलांत, माणसांसोबत घोडेही पुरले होते, तांब्याच्या साजासकट. हे आज कळतं, कारण खणणाऱ्यांनी प्रत्येक वस्तू जिथे होती तिथे आधी मोजली, लिहिली, मग उचलली. तो साज कुणी आपल्यासारखा डब्यात टाकून नेला असता, तर तांबं उरलं असतं आणि घोडा गेला असता. धोंडाई या एका गोष्टीवर उभी आहे. ती वस्तूची जागा लिहिल्याशिवाय वस्तू उचलत नाही.

आता शीट, म्हणजे धोंडाईच्या आकड्यांचा कागद. खेळाच्या पाचव्या आवृत्तीचे २०१४ चे नियम धरले आहेत, आपला ग्रुप तेच खेळतो म्हणून. साधी मानव, म्हणजे सहाही गुणांना एक-एक जास्त. १५, १४, १३, १२, १०, ८ हे ठरलेले आकडे वाटून बुद्धी १६, चपळाई १५, शहाणपण १४, काटकपणा १३, ताकद ११ आणि छाप ९. छाप मुद्दाम कमी ठेवली आहे. दरबारात तिला गोड बोलता येत नाही.

क्लासवर, म्हणजे तिच्या पेशावर, बराच घोटाळलो. विझार्ड केली असती तर सगळं मंत्रांनी उलगडलं असतं, आणि मला तिच्या गुडघ्यांना माती लागलेली हवी होती. म्हणून रोग (rogue), म्हणजे लपतछपत काम करणारी चोरटी. पहिल्याच लेव्हलला दोन स्किल्समध्ये दुप्पट प्रावीण्य मिळतं. ते मी इतिहास आणि तपास यांना दिलं. म्हणजे बुद्धीचे तीन, प्रावीण्याचे दोन आणि वर आणखी दोन, असे फाशावर सात जास्त. एवढी जोड पहिल्या लेव्हलला क्वचितच कुणाची असते. बाकी निरीक्षण, चढणं-पोहणं, आणि समोरच्याच्या मनातलं ओळखणं. हातचलाखी घेतली नाही. रोगने ती सोडणं वेडेपणा वाटेल, पण धोंडाई खिसे कापत नाही. गावातल्या म्हाताऱ्यांपाशी बसून कुठला दगड कुठून आला हे काढून घेते, त्याला मन ओळखता यावं लागतं.

बॅकग्राउंड, म्हणजे तिचा आधीचा धंदा, पुरातत्त्वज्ञाचंच, २०१७ मध्ये आलेलं. त्यात नकाशाची लाकडी पेटी, झोताचा कंदील, टिकास, फावडं, दोघांचा तंबू, सोन्याची २५ नाणी आणि उत्खननात सापडलेली एक चीजवस्तू मिळते. ती चीजवस्तू कोणती हे तू ओळखलंच असशील. शिवाय ओळखीची एक खास वस्तू निवडायची असते. यादीत टोपी आहे, चाबूक आहे, आणि बहुतेक जण तेच घेतात. मी दहा फुटी काठी घेतली. धोंडाईने त्या बांबूला फुटाफुटावर लाल-पांढरे पट्टे मारले आहेत. पुढची फरशी खचते का ते ती त्याने ठोकून बघते, आणि खोलीची लांबी-रुंदीही त्यानेच मोजते. पदरच्या पैशातून सुतळीचा गुंडा, खडू, शाई आणि कोऱ्या कागदाची चळत. हत्यार म्हणून फक्त एक छोटी तलवार.

या बॅकग्राउंडची एक सोय आहे, त्याबद्दल तुझ्याशी बोलायचं आहे. पडक्या वास्तूत पाय ठेवला की ती मुळात कशासाठी होती आणि कुणी बांधली, हे धोंडाईला बरोबर कळतं. फासा टाकावा लागत नाही. तू ते सरळ सांगून टाक, लपवू नकोस. पण ते लोक तिथून का गेले, हे फुकट सांगू नकोस. ते आम्हाला राखेच्या थरातून, बुजवलेल्या दारातून, उलट्या ठेवलेल्या भांड्यांतून शोधू दे. कुही तालुक्यात अडमला मातीचा तट आणि खंदक आहे. तू त्या तटावर उभा राहिलास तर इथे वस्ती होती हे लगेच कळेल. पुढचं सगळं थराथराने खाली उतरल्यावरच.

तिसऱ्या लेव्हलला तिला आर्केन ट्रिकस्टर, म्हणजे थोडे मंत्र जाणणारी रोग, करणार. तिचा अदृश्य हात तीस फुटांवरून सापळा निकामी करतो, धुळीवर पाऊल न उमटवता. मंत्रांपैकी दोन भूल आणि मायेचेच घ्यावे लागतात, तिसरा मोकळा असतो. तो मी भाषा समजण्याचा घेईन. लेखावर बोट ठेवलं की अर्थ कळतो, एका पानाला साधारण मिनिटभर लागतं. पण नियमात फक्त शब्दशः अर्थ आहे, आणि मला तेच आवडलं. आपल्याकडच्या वाकाटक राजांचे ताम्रपट बघ. रिद्धपूरच्या ताम्रपटात राणी प्रभावतीगुप्ता दान देते, अक्षरांच्या डोक्यावर छोट्या पेट्या आहेत. अक्षरं वाचता आली तरी त्यातली गावं आज कुठली, हे नावांचा माग काढत बसून वा. वि. मिराशींसारख्या अभ्यासकांना ठरवावं लागलं. मंत्र वाचून देईल, गाव शोधायला धोंडाईला चालावं लागेल. चौथ्या लेव्हलला तुझी परवानगी असली तर डन्जन डेल्व्हर फीट, म्हणजे एक जादा कसब. चोरदारं शोधताना दोन फासे टाकून मोठा आकडा घ्यायचा, सापळ्यांची इजा निम्मी.

आता विनंती. मागच्या कॅम्पेनमध्ये आम्ही थडगी फोडली, नाणी मोजली, विकली. तऱ्हाळ्याला १९३९ साली सातवाहनांच्या नाण्यांचा साठा निघाला, दीड हजारांवर नाणी. त्यातले कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी हे राजे त्या नाण्यांमुळेच ठाऊक झाले. ती कुणी वितळवली असती तर राजेच नाहीसे झाले असते. म्हणून तुझ्या हंड्यांतल्या नाण्यांवर काहीतरी लिहिलेलं असू दे, निदान एखादं खोडलेलं नाव. आणि एखादी खोली आम्ही नीट मोजून, नकाशा काढून बाहेर पडलो तर राक्षस मारल्याइतके अनुभवगुण दे. तुझ्या राज्यात एक कायदाही असू दे. आपल्याकडे १८७८ पासून आहे ना, जमिनीत दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्याला कळवायचं. तिथला अधिकारी कसा निघेल ते तू ठरव. प्रामाणिक निघाला तर मला जास्त आवडेल.

धोंडाईच्या गळ्यात तो मणी आहे, तांबडा, पांढऱ्या रेघांचा. लहानपणी तिने तो उचलला आणि जागा विसरली. तो कुठल्या शहराचा, कुठल्या माणसाच्या सोबत ठेवलेला, हे तू ठरवून ठेव. मला इतक्यात सांगू नकोस. आणि खरा मणी मी तुझ्याकडे येताना आणतो. डोळे मिटून आठव, नाला की मोह. तुझ्या बाबांनाही विचार, ते तेव्हा वखर चालवत होते. दोघांचं जुळलं तर त्या मुलीला कळवता येईल.

लाईन आली. मोटार सुरू करायला जातो.

तुझा,
विन्या