मोसंबीएवढी पृथ्वी, सुपारीएवढा चंद्र

वाचनालयातल्या ताईंना,

सप्रेम नमस्कार.

जानेवारीत पाच वर्षांच्या लेकीला घेऊन मी तुमच्या टेबलापाशी आलो आणि "अंतराळावरचं मोठ्ठं पुस्तक द्या" म्हणालो. त्याआधी एका प्रदर्शनातून जाडजूड ज्ञानकोश आणला होता. गुळगुळीत पानं, काळ्यावर मुंगीएवढी पांढरी अक्षरं. ओवीने चार पानं उलटली आणि मग फळीवरचा खाऊचा डबा काढायला त्याच्यावर उभी राहिली.

मोठ्ठं पुस्तक तुम्ही दिलंच नाहीत, उलट मलाच कामाला लावलंत. आधी प्लूटोचं पान काढा, म्हणालात. 2006 साली तो बटुग्रह ठरला, तरी जुनाच मजकूर पुन्हा छापणारे अजून नऊ ग्रह मोजतात. (घरी येऊन पाहिलं, आमचा ज्ञानकोश त्यातलाच!) शनीच्या चंद्रांवरून मात्र पुस्तक बाद करू नका, हेही सांगितलंत. 2025 मध्ये एका दमात 128 नव्या चंद्रांची भर पडून आकडा 274 झाला, छापखाना धावून धावून किती धावणार?

मग पृथ्वी आणि चंद्राचं चित्र. बहुतेक पुस्तकांत दोघं एका बाकावर बसल्यासारखी शेजारी. तुम्ही ओवीला म्हणालात, "पृथ्वी मोसंबीएवढी धरली ना, तर चंद्र सुपारीएवढा. आणि दोघांमध्ये सात फूट." पानावर एवढी जागा नसते, पण अंतर प्रमाणात नाही एवढं तरी खाली छापलंय का, ते बघायला मी त्या दिवशी शिकलो.

शेवटी हातात ठेवलंत ते जेमतेम चोवीस पानांचं, संध्याकाळच्या आकाशाचं पुस्तक. त्यात मृग होता, व्याध होता. गच्चीवर आजीने पुस्तक न उघडताच मृगाच्या पोटातला तीन ताऱ्यांचा बाण दाखवला, त्याच रेषेत खाली व्याध. "आजीला पाठ आहे!" ओवी थक्क. आजीला इतका भाव बऱ्याच दिवसांनी मिळाला. त्याबद्दल तर तुमचे विशेष आभार.

मोसंबी-सुपारी आम्ही रोज मांडतो. सात फुटांत स्वयंपाकघराचा उंबरा येतो, त्यामुळे चंद्र पलीकडे, आजीच्या पाटाजवळ. रविवारी जेवण झालं आणि कोणाच्या लक्षात यायच्या आत तो अडकित्त्यात गेला. ओवी अजून रुसलेली आहे. पुस्तकाची मुदत आठवडाभर वाढवून द्याल का? नवा चंद्र आणायचाय.

तुमचा,
ओवीचा बाबा