ट्रंकेतल्या फोटोंबद्दल

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर मी जास्तच बोललो. तू म्हणालास, "सगळं स्कॅन करू आणि ट्रंक काढून टाकू," आणि मी फोन ठेवून दिला. आई संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलली नाही. त्या सकाळीच मी मामाला भेटून आलो होतो, ते तुला सांगायचं राहिलं.

त्याची वाचा गेली आहे. उजवी बाजूही लुळी आहे. सुधारेल म्हणतात, वेळ लागेल. मी स्काउटच्या शिबिराचा तो झेंड्याखालचा फोटो नेला होता. मामाने डाव्या हाताचं बोट एकेका चेहऱ्यावर ठेवलं. ओळख पटत होती, डोळ्यांत दिसत होतं, पण नाव काही ओठांवर येईना. फोटोत अकरा मुलं आहेत. मला आठच नावं येतात. राग होता तो राहिलेल्या तिघांचा, निघाला तुझ्यावर.

स्कॅन जरूर कर. ६०० डीपीआयला कर, मूळ फाइल टिफमध्ये ठेव, एक प्रत या घराबाहेर असू दे. चिकट पानांच्या अल्बममधले फोटो ओढून काढू नकोस, आधी पानासकट स्कॅन कर. निगेटिव्हच्या डब्याला व्हिनेगरसारखा आंबट वास यायला लागलाय, म्हणजे फिल्म कुजायला लागली. ती सगळ्यात आधी घे आणि बाकीच्यांपासून लांब ठेव. लॉगबुकाच्या, म्हणजे शिबिराच्या नोंदवहीच्या, पिना गंजल्यात, त्या हलक्या हाताने काढ. फोटोमागे पेनने लिहू नकोस, शाई पुढे उमटते. मऊ पेन्सिल घे आणि नावं लिही, डावीकडून उजवीकडे.

बघ, पुन्हा शिकवायला बसलो. माफ कर. तुझे हात माझ्याहून नीटस आहेत. क्लोव्ह हिचची गाठ तू एका दुपारी शिकलास, मला आठवडा लागला होता.

लॉगबुक काल उघडलं. तुझं पान सापडलं. "रात्री पाऊस. खुंटे निघाले. मी रडलो नाही." 'नाही' दोनदा गिरवलंय. तू रडला होतास रे. मामा पहाटेपर्यंत तंबूचा खांब धरून उभा होता आणि तू त्याच्या पायाला टेकून झोपला होतास. हे लॉगबुकात नाही, कुठल्याच फोटोत नाही. ते मला आणि मामालाच माहीत होतं, आता तुला लिहून ठेवतोय. सकाळी तू सगळ्यांच्या आधी उठून ओल्या दोऱ्या वाळत घातल्यास. मी लांबून पाहत होतो. तेव्हा काही बोललो नाही, बोलायला हवं होतं.

नावांचं पुन्हा काढणार नव्हतो. पण ऐक. १९०७ च्या ऑगस्टमध्ये बेडन-पॉवेलनी इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर पहिलं शिबिर भरवलं. कर्लू, रेव्हन, वुल्फ आणि बुल अशी चार पथकं होती, ईटन-हॅरोसारख्या बड्या शाळांतली मुलं आणि बोर्नमथ-पूलच्या बॉइज ब्रिगेड या मुलांच्या संघटनेतली मुलं त्यांत मिसळून होती. साऱ्या जगाची स्काउटिंग जिथून सुरू झाली ते हे शिबिर, आणि तिथे नेमकी किती मुलं होती यावर आजही एकमत नाही. कुणाच्या यादीत वीस, कुणाच्या त्याहून एक-दोन जास्त. तिथे ही गत, तर आपल्या अकरा जणांची नावं कोण शोधत बसणार?

तेव्हा सुट्टी मिळाली की ये. मामाजवळ बसू. फोनवर रेकॉर्डिंग लावून ठेव, मी एकेक नाव उच्चारतो, बरोबर असेल तर तो मान हलवेल. एवढं त्याला नक्की जमतं, मी पाहून आलोय. उशीर करू नकोस. मामासाठी म्हणतोय, आणि थोडं माझ्यासाठीही. परवा तुझ्या आत्याला हाक मारताना मीच अडखळलो.

ट्रंकेचं जे ठरवशील ते ठरव, मी आडवा येणार नाही. आईचा निरोप, जेवत जा.

तुझा,
बाबा

ता.क. डावीकडून तिसरा, ज्याचा एक मोजा खाली घसरलाय आणि स्कार्फचा वॉगल (अडकवायची कडी) उलटा लावलाय, तो तुझ्याच तंबूत होता ना? तुला नाव आठवतंय का?