‘शुद्ध टंग ऑइल’ या नावाने विकलेल्या, न वाळणाऱ्या तेलाबाबत तक्रार

दि. १८ ऑगस्ट २०२५
शाहूपुरी, कोल्हापूर

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : रायफलीच्या लाकडी दस्त्यासाठी घेतलेले तेल न वाळल्याबाबत

महोदय,

‘शुद्ध टंग ऑइल, गनस्टॉकसाठी खास’ असं छापलेली आपली बाटली मी जूनच्या सुरुवातीला लक्ष्मीपुरीतल्या दुकानातून ८५० रुपयांना घेतली. (टंग म्हणजे टंग झाडाच्या बियांचं, लाकडावर लावायचं वाळणारं तेल.) दुकानदाराबद्दल माझं काही म्हणणं नाही. सीलबंद माल आला तसा त्याने दिला. तक्रार बाटलीतल्या तेलाबद्दल आहे, आणि त्याहून जास्त तुमच्याकडून मिळालेल्या उत्तरांबद्दल.

रायफल .२२ ची, टार्गेटची, परवान्यावरची, वडिलांकडून माझ्याकडे आलेली. दस्ता अक्रोडाचा. जुनं पॉलिश पार उडालं होतं. ते काढलं, ओलं फडकं फिरवून लाकडाची लव उभी केली, वाळल्यावर बारीक पॉलिश पेपर मारला आणि मग तेलाचा विचार सुरू केला. जवसाचं तेल आमच्याकडे घाण्यावर मिळतं. जुन्या फौजी रायफलींचे दस्ते त्यावरच पोसले गेले. पण कच्चं जवस वाळायला फार वेळ घेतं, वर्षागणिक काळवंडतं, आणि आमच्या पावसाळ्यात त्यावर बुरशी धरते. टंग पाण्याला त्याहून चांगलं तोंड देतं. अमेरिकी फौजेनेही एम-१ गॅरंड या आपल्या जुन्या रायफलीच्या दस्त्यांना आधी जवस लावलं आणि पुढे टंग धरलं. म्हणून चार पैसे जास्त मोजून तुमची बाटली घेतली.

झाकण उघडताच थिनरचा भपकारा आला. शुद्ध टंगला असा वास नसतो. तरी लेबलवरच्या सूचनेप्रमाणे तळहाताने चोळून पातळ हात दिला आणि वर राहिलेलं तेल पुसून घेतलं. थिनर उडून गेलं. मागे राहिलं ते आजतागायत वाळलेलं नाही. बोट टेकवलं की काकवीत बुडवल्यासारखा चिकटा येतो. पुसायच्या फडक्याचे धागे दस्त्यावर जागोजागी धरून बसलेत. रेंजवर आडवं पडून गाल टेकवला की कातडी चिकटते. श्वास सोडून गाल जरा पुढे घ्यावा तर तो सरकत नाही, ओढला जातो, आणि साइटमधलं चित्र हलतं. टार्गेट शूटिंगमध्ये याचा अर्थ काय होतो ते गनस्टॉकसाठी तेल विकणाऱ्या कंपनीला मी सांगावं लागू नये.

फोन केला. तुमचे प्रतिनिधी म्हणाले, हवा दमट आहे, थांबा. पुन्हा केला तेव्हा म्हणाले, लाकडात जुनं तेल मुरलेलं असेल. आणि शेवटी, ‘सर, अजून एक हात मारून बघा.’ खालचा हात ओला असताना वर दुसरा मारायचा नसतो, हे सुताराकडच्या पोऱ्यालाही ठाऊक असतं.

बाकीच्या दोन कारणांची शहानिशा मी घरीच केली. काचेच्या तुकड्यावर तुमच्या तेलाचा एक थेंब, शेजारी कच्च्या जवसाचा एक, दोन्ही बोटाने पातळ पसरून खिडकीत ठेवले. ही तेलं पाण्यासारखी उडून सुकत नाहीत, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतात, आणि दमट हवेत त्याला उशीर लागतो, हे मान्य. पण खिडकी एकच, हवा एकच. आज जवसाचा नखाने पापुद्रा निघतो, आणि तुमचं तेल काच उभी धरली की ओघळतं. खरं टंग कच्च्या जवसाच्या आधी वाळायला हवं. आणि काचेत जुनं तेल मुरत नाही.

आणखी एक गोष्ट, जी मला पैशांपेक्षा गंभीर वाटते. जवस किंवा टंग लागलेलं फडकं बोळा करून टाकलं तर वाळता वाळता ते आपोआप तापतं आणि पेट घेऊ शकतं. ते उघडं पसरून वाळवावं लागतं, नाहीतर पाण्यात बुडवून ठेवावं लागतं. तुमच्या लेबलवर याचा एक शब्द नाही. कारखान्यांत अशी फडकी सर्रास कोपऱ्यात फेकली जातात, आणि कोपऱ्यात असतो लाकडाचा भुसा. बाटलीत खरोखर टंग असेल तर ही सूचना न छापणं बेजबाबदारपणा आहे. टंग नसल्यामुळे सूचनेची गरज वाटली नसेल, तर लेबल खोटं आहे. दोन्हीपैकी काय खरं ते लेखी कळवा.

कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये ब्राँझ मिळवलं, तेव्हापासून इकडच्या पोरांना या खेळाचं वेड आहे. नवी अ‍ॅल्युमिनियमच्या दस्त्याची रायफल सगळ्यांना परवडत नाही. जुनी लाकडी रायफल हाती आली की ही पोरं लेबल वाचूनच तेल घेणार.

माझी मागणी अशी : बाटलीचे ८५० रुपये आणि दस्ता टर्पेंटाइनने धुऊन पुन्हा घासायची कारागिराची मजुरी १२०० रुपये परत मिळावी, तेलात काय काय आणि किती आहे ते लेखी कळवावं, ते शुद्ध टंग नसेल तर ‘शुद्ध’ हा शब्द लेबलवरून काढावा. पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास मी कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाईन. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार मी राहतो तिथेच दाद मागता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्कही नाही. तेव्हा ‘कंटाळून सोडून देईल’ असा हिशोब कृपया करू नये.

उरलेलं तेल बाटलीसकट ठेवलं आहे, तपासणीला देईन. बदली बाटली मात्र पाठवू नये.

आपला,
(सही)

सोबत : पावतीची प्रत, लेबलचा, दस्त्याचा आणि काचेचा फोटो