मूल देण्याआधी आमच्या सासूबाईंशीही बोला

प्रति,
मा. मंत्री, महिला व बालविकास विभाग, महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

मी कोपरखैरणेत राहते, घरातूनच पोळी-भाजी केंद्र चालवते. हे वाशीच्या भाजी मार्केटात माथाडी आहेत. मुलगी बारावीला, मुलगा नववीला, सासूबाई आमच्याजवळच. मागच्या वर्षी आम्ही पालक कुटुंब होण्यासाठी अर्ज केला. दत्तक नव्हे. आई आजारी आहे, बाप तुरुंगात आहे, अशा एखाद्या मुलाला त्याची माणसं सावरेपर्यंत सांभाळायचं, एवढंच मनात होतं.

गृहभेटीला एका संस्थेच्या ताई आल्या. गुरुवार, दुपारचे दोन. मुलं शाळा-कॉलेजात, सासूबाई दवाखान्यात. भाजीच्या गाड्या रात्री उतरतात, त्यामुळे हे आत गाढ झोपलेले. ताईंनी खोल्या मोजल्या, घर स्वतःचं की भाड्याचं ते विचारलं, उत्पन्नाचा दाखला आणि वीजबिल घेतलं आणि पंचवीस मिनिटांत उठल्या. दारातून वळून म्हणाल्या, "वन रूम किचनमध्ये कसं होणार हो?" दोन महिन्यांनी फोनवर नकार आला. कारण लेखी मागितलं, मिळालं नाही.

ताईंवर माझा राग नाही. त्या दिवशीच्या आणखी चार फायली त्यांच्या पिशवीत होत्या.

तपासणी कडक हवीच. मूल घरी आणून त्याच्याकडून धुणीभांडी करून घेणारे लोक असतात. पोलीस पडताळणी, आरोग्याचे दाखले, शेजाऱ्यांकडे चौकशी, सगळं व्हावं. पण असं घर तीन बेडरूमचंही असू शकतं, आणि तिथेही दुपारी दोन वाजता सगळं छानच दिसेल.

2015 च्या बाल न्याय कायद्याचं कलम 44 मी मुलीकडून वाचून घेतलं. कुटुंब निवडताना त्याची क्षमता, हेतू आणि मुलं सांभाळण्याचा अनुभव पाहायचा, असं त्यात आहे. शक्यतो भावंडांची ताटातूट करू नये, असंही आहे. चौरस फूट त्यात कुठे नाहीत. जागा बघूच नका असं मी म्हणत नाही. मूल झोपणार कुठे, अभ्यासाला कोपरा आहे का, वयात आलेल्या मुलीला कपडे बदलायला आडोसा आहे का, हे बघायलाच हवं. पण हेतू टेप लावून कसा मोजणार?

अर्ज केला त्या रात्री सासूबाईंनी विचारलं होतं, "त्याची आई न्यायला आली, तर आपण दारात हसून उभं राहू का गं?" कुणाला पटकन उत्तर देता आलं नाही. ह्यांचे डोळे भरले. मुलगा म्हणाला, त्याची वही-पुस्तकं मी भरून देईन. माझ्या मते आमच्या घराची खरी परीक्षा त्या रात्री झाली, आणि अहवालात तिची एक ओळ नाही.

हा प्रश्न आता जास्तच महत्त्वाचा झाला आहे. 2024 च्या नव्या मार्गदर्शक सूचनांनुसार 35 ते 60 वयाची एकटी व्यक्तीही मूल सांभाळायला घेऊ शकते, आणि सांभाळायला घेतलेलं मूल दत्तक घेण्यासाठी पूर्वी पाच वर्षं थांबावं लागे तिथे आता दोन वर्षं पुरतात. हे चांगलंच झालं. पण दत्तकाच्या आशेने आलेलं घर आणि मूल परत पाठवायची तयारी असलेलं घर, यातला फरक मूल घरात येण्याआधी कळायला हवा. नंतर कळला तर मुलाला दुसऱ्यांदा घर सोडावं लागतं.

म्हणून विनंती आहे की गृहभेटी निदान दोन व्हाव्यात, आणि त्यातली एक सगळे घरी असतील तेव्हा. घरातल्या मुलांशी आमच्या गैरहजेरीत बोलावं. येणाऱ्या मुलाबरोबर ताट, गादी आणि आई त्यांनाच वाटून घ्यायची आहे. म्हाताऱ्या माणसांनाही विचारावं. नकार असेल तर कारण लेखी द्यावं, म्हणजे सुधारण्यासारखं असेल ते सुधारता येईल. मूल आल्यावर बाल कल्याण समितीने दर महिन्याला पाहणी करावी असं कायदाच सांगतो. तेवढीच मेहनत सुरुवातीला घ्यावी, आणि त्यासाठी आपल्या विभागाने माणसं वाढवावीत.

आम्ही पुन्हा अर्ज करतो आहोत. पोटमाळ्यावर जाळी लावून झोपायची जागा केली आहे. ह्यांची सुट्टी रविवारी असते. संध्याकाळी सहानंतर कुणालाही पाठवा, आम्ही पाचही जण घरी असू.

आपली नम्र,
कोपरखैरणेची एक रहिवासी