पाठीतलं पाणी आणि एक निगेटिव्ह रिपोर्ट

प्रिय सुहास,

परवा रात्री तुझा फोन आला तेव्हा मी प्रयोगशाळेतून निघायच्या घाईत होतो. ‘त्या मुलीची मेंदूच्या टीबीची औषधं थांबवू नकोस’ एवढंच बोललो आणि फोन ठेवला. पण सकाळी राउंडला तुझे वरिष्ठ विचारणार, मुलीचे आईवडील विचारणार, आणि तुझ्या हातात ‘निगेटिव्ह’ लिहिलेला कागद. का थांबवायची नाहीत हे मी तुला नीट सांगायला हवं होतं. दोन दिवस ते डोक्यातून जात नाहीये, म्हणून हे पत्र. लांबेल. निवांत वाच.

तू सांगितलंस ते मी बोलता बोलता टिपून घेतलं होतं. बावीस वर्षांची मुलगी. तीन आठवडे बारीक ताप, भूक गेलेली, मग डोकेदुखी आणि उलट्या. चार दिवसांपासून एकाचे दोन दिसतात, उजवा डोळा बाहेरच्या बाजूला वळत नाही. पाठीतल्या पाण्यात, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीचं जे पाणी आपण कमरेतून सुईने काढतो त्यात, २४० पेशी, बहुतेक लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी. प्रथिनं १८० मिलिग्रॅम. साखर २८, त्याच वेळी रक्तातली ११०. क्रिप्टोकॉकस अँटिजेन, म्हणजे बुरशीची चाचणी, निगेटिव्ह. सगळं टीबीकडे बोट दाखवणारं. एवढं सगळं सांगून झाल्यावर तू म्हणालास, “पण जीनएक्स्पर्ट निगेटिव्ह आलाय रे.” टीबीच्या जंतूचा डीएनए शोधणारी ही चाचणी, आणि त्या ‘पण’बद्दलच मला बोलायचंय.

मी लगेच विचारलं होतं, पाणी किती पाठवलंस? “अर्धा-पाऊण मिलिलिटर असेल. बाकीचं पेशी, प्रथिनं, कल्चर (जंतू वाढवून बघणं), एडीए (एका एन्झाइमची चाचणी) असं नळ्यांत वाटलं गेलं.” सुहास, घोडं इथेच पेंड खातंय.

फुफ्फुसात पोकळी झालेला रुग्ण खोकतो तेव्हा थुंकीच्या एका मिलिलिटरमध्ये लाखो जंतू असू शकतात. मेंदूच्या आवरणांत चित्र अगदी वेगळं. रिच आणि मॅकॉर्डॉक यांनी १९३३ मध्ये शवविच्छेदनांवरून दाखवलं की रक्तातून आलेले जंतू आधी मेंदूच्या पृष्ठभागालगत किंवा आवरणात छोटीशी गाठ करून बसतात, आणि ती फुटली की आवरणाखालच्या पाण्यात उतरतात. पुढचा दाह बराचसा शरीराच्या स्वतःच्या प्रतिकाराचा असतो. मेंदूच्या तळाशी चिकट, घट्ट स्राव साचतो, नसा आणि रक्तवाहिन्या त्यात आवळल्या जातात. तुझ्या रुग्णाची डोळा बाहेर वळवणारी सहावी नस अशीच सापडली असणार. कमरेतून आपण जे पाणी काढतो, त्यात जंतू येतात ते मोजकेच.

आता हिशोब कर. तिच्या पाण्यात मिलिलिटरला पाच जंतू आहेत असं धर. तू पाठवलेल्या नमुन्यात दोन-तीन आले असतील. दहा मिलिलिटर काढून सेंट्रिफ्यूजमध्ये गरगर फिरवलं असतंस तर पन्नास जंतू तळाला गोळा झाले असते. थुंकीवर केलेल्या मोजमापात जीनएक्स्पर्टच्या जुन्या एक्स्पर्ट कार्ट्रिजला (यंत्रात घालायच्या डबीला) मिलिलिटरला साधारण १३१ जंतू लागायचे, नव्या अल्ट्रा कार्ट्रिजला सुमारे १६ पुरतात. दोन-तीन जंतू दोन्हींच्या हाती लागणं कठीण, पन्नास असते तर अल्ट्राला निदान संधी मिळाली असती. आणि दहा मिलिलिटर काढायला हात आखडू नकोस. मोठ्या माणसात हे पाणी असतं जेमतेम दीडशे मिलिलिटर, पण दिवसाला सुमारे पाचशे मिलिलिटर नवं तयार होतं. काढलेले दहा अर्ध्या तासात भरून निघतात. लहान मुलांत अर्थातच बेताने काढायचं.

आमच्याकडे नमुना आला की काय होतं ते तू कधी पाहिलं नाहीस, म्हणून सांगतो. निमुळत्या बुडाची नळी, सहा-आठ मिलिलिटर पाणी, वरवर पाहिलं तर अगदी स्वच्छ. उजेडाकडे धरून हलवली की किंचित धुरकट वाटते. काही वेळ तशीच ठेवलेली असेल तर वरून खाली लोंबणारं कोळ्याच्या जाळ्यासारखं नाजूक जाळं दिसतं, आणि ते दिसलं की माझ्या पोटात गोळा येतो. मग सेंट्रिफ्यूज. गुरुत्वाकर्षणाच्या ३००० पट जोराने पंधरा मिनिटं. बाहेर काढल्यावर नळीच्या टोकाला दिसेल न दिसेल असा पांढुरका ठिपका असतो. वरचं पाणी अलगद ओतून घ्यायचं, ठिपका हलू द्यायचा नाही. त्यात सॅम्पल रिएजंट (चाचणीसोबत येणारं द्रावण) घालून ढवळायचं, ठेवायचं, आणि ते दोन मिलिलिटर कार्ट्रिजमध्ये सोडायचे. दीड-दोन तासांत पडद्यावर उत्तर. जे काही सापडायचं ते त्या ठिपक्यात असतं. तुझ्या अर्ध्या मिलिलिटरचा असा ठिपका करताच येत नाही, ते तसंच रिएजंटमध्ये मिसळावं लागतं.

पूर्वी आपल्या हातात काय होतं ते आठव. सूक्ष्मदर्शकाखाली झील-नीलसन रंग दिलेल्या स्लाइडवर शंभरातल्या दहा-वीस रुग्णांत जंतू दिसायचे, बाकी ठिकाणी कोरी निळाई. व्हिएतनाममधल्या एका गटाने २००४ मध्ये भरपूर पाणी घेऊन आणि स्लाइड नेटाने शोधून निम्म्याहून अधिक रुग्णांत जंतू दाखवले होते. मला ते काम फार मोलाचं वाटतं, कारण त्यात नवं यंत्र कुठलंच नव्हतं. होतं ते पुरेसं पाणी आणि न कंटाळता बघणारी माणसं. कल्चर अधिक पकडतं, पण दोन ते सहा आठवडे घेतं, आणि या आजारात दोन आठवडे कुणाकडे असतात? उपचार मिळूनही जवळजवळ निम्मे रुग्ण दगावतात किंवा कायमचं अपंगत्व घेऊन घरी जातात, आणि ते मुख्यतः औषध किती लवकर सुरू झालं यावर ठरतं.

म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये एक्स्पर्टला मान्यता दिली आणि २०१३ मध्ये मेंदूच्या टीबीसाठी स्लाइड-कल्चरच्या आधी हीच चाचणी करा असं सांगितलं, तेव्हा मला खरंच हायसं वाटलं होतं. २०१७ मध्ये अल्ट्रा आली. जुनी कार्ट्रिज फक्त आरपीओबी या जनुकाचा तुकडा शोधायची, आणि तो प्रत्येक जंतूत एकदाच असतो. अल्ट्रा त्याच्या जोडीला आयएस ६११० आणि आयएस १०८१ हे तुकडेही शोधते, जे एकाच जंतूत अनेकदा सापडतात. दोन का, तर दक्षिण भारतातल्या काही जंतूंत आयएस ६११० ची एकही प्रत नसते. तिथे दुसरा तुकडा कामी येतो.

याच कारणाने अल्ट्राच्या रिपोर्टवर कधी कधी ‘ट्रेस’ असा शब्द येतो. म्हणजे अनेकदा असणारे तुकडे मिळाले, आरपीओबी मिळालं नाही. थुंकीत ट्रेस आला तर जुन्या, बऱ्या झालेल्या टीबीचा अवशेष असू शकतो, विचार करावा लागतो. पाठीतल्या पाण्यात तो पॉझिटिव्हच धरायचा. तुझ्याकडे पुढे कधी ट्रेस आला तर ‘बघू, पुन्हा पाठवू’ म्हणून थांबू नकोस. फक्त त्यात रिफॅम्पिसिन या टीबीच्या औषधाला जंतूचा प्रतिकार आहे की नाही हे कळत नाही, तेवढं ध्यानात ठेव.

आता तुझ्या वरिष्ठांच्या प्रश्नाकडे येतो. चाचणी एवढी चांगली, मग तिचं ‘नाही’ का मानायचं नाही? युगांडातल्या २०१८ च्या अभ्यासात अल्ट्राने शंभरातले सुमारे सत्तर रुग्ण पकडले, जुन्या एक्स्पर्टने आणि कल्चरने प्रत्येकी त्रेचाळीस. व्हिएतनाममध्ये २०२० साली अल्ट्राचा आकडा सत्तेचाळीसच निघाला. आपण उदार होऊन सत्तर धरू. तुझ्या मुलीसारखे शंभर रुग्ण घे, हीच लक्षणं, हेच पाणी. त्यांतल्या ऐंशी जणांना मेंदूचा टीबी आहे असं मानू. चाचणी छप्पन जणांना पकडेल, चोवीस सुटतील. टीबी नसलेले वीसही निगेटिव्हच येतील. म्हणजे एकूण चव्वेचाळीस कागदांवर ‘निगेटिव्ह’, आणि त्यांतले चोवीस खरे टीबीचे. अर्ध्याहून जास्त! आणि हे भरपूर पाणी पाठवलेल्यांचं. राउंडला हाच हिशोब मांड. आकडे समोर दिसले की बोलणं सोपं होतं.

उलट बाजूने ही चाचणी फार विश्वासाची आहे. पॉझिटिव्ह आली तर टीबीच, जवळपास शंका नाही. तेव्हा होय आलं तर धरायचं, आणि नाही आलं तर रुग्णाकडे पुन्हा बघायचं.

आता एक गोष्ट सांगतो, जी मी तुला इतकी वर्षं सांगितली नाही. अल्ट्रा यायच्या आधीची. संध्याकाळी एका नऊ वर्षांच्या मुलाचं पाणी आलं, अर्धा मिलिलिटरसुद्धा नव्हतं. मी चाचणी लावली, ‘आढळला नाही’ आलं, मी सही करून रिपोर्ट पाठवला. नमुना अपुरा होता हे त्यावर लिहिलं नाही. वॉर्डात तो कागद पाहून टीबीची औषधं बंद झाली. स्टिरॉइडने मुलगा चार दिवस बरा दिसला, घरी गेला. सव्विसाव्या दिवशी त्याची कल्चरची बाटली पॉझिटिव्ह झाली. ती हातात घेऊन मी जिना उतरत वॉर्डात गेलो, तर तो आदल्याच रात्री बेशुद्ध होऊन परत आला होता. मेंदूत पाणी भरलेलं. ते पाणी वाहून नेणारी नळी, शंट, घातला, औषधं सुरू झाली, तो वाचला. त्याची नजर गेली. त्याची आई पलंगाशी बसून त्याच्या हातात एकेक वस्तू देऊन ‘हे काय?’ विचारत होती, आणि तो चाचपून सांगत होता. त्या दिवसापासून माझ्या सहीच्या प्रत्येक रिपोर्टवर नमुना किती मिलिलिटर होता ते लिहिलेलं असतं, आणि निगेटिव्हखाली एक ओळ असते: ‘यावरून मेंदूचा क्षयरोग नाकारता येत नाही.’ तुझ्या रिपोर्टवर ती ओळ आहे का बघ. नसेल तर तुमच्या प्रयोगशाळेत जाऊन बस, चहा घे, आणि ती घालून घे.

प्रतिकाराचं थोडक्यात. एक्स्पर्ट आणि अल्ट्रा या कार्ट्रिजना रिफॅम्पिसिनचा प्रतिकार कळतो, आयसोनियाझिडचा कळत नाही. मेंदूच्या टीबीत हे मोठं कोडं आहे, कारण रिफॅम्पिसिन मेंदूच्या पाण्यात कमी उतरतं आणि सुरुवातीची बरीच भिस्त आयसोनियाझिड आणि पायराझिनामाइडवर असते. त्यामुळे कल्चर कधीही टाळू नकोस. वाढलं तर लाइन प्रोब (औषधांचा प्रतिकार शोधणारी डीएनए चाचणी) लावता येतो आणि आयसोनियाझिडचंही उत्तर मिळतं.

आता तिच्यासाठी काय करायचं ते. चारही औषधं चालू ठेव. डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड चालू आहे ते ठीकच आहे. स्कॅनमध्ये पाणी काढायला धोका दिसत नसेल तर पुन्हा पाणी काढ. औषधं सुरू होऊन चारच दिवस झालेत, मेलेल्या जंतूंचा डीएनएही चाचणीला सापडतो, म्हणून उशीर झाला असं समजू नकोस. पहिल्या नळ्या पेशी-प्रथिनांना दे, शेवटची, कमीत कमी सहा आणि जमलं तर दहा मिलिलिटरची, आमच्या कामासाठी ठेव. शेवटी रक्त कमी येतं आणि रक्ताने पीसीआरला, म्हणजे या डीएनए चाचणीला, अडथळा होतो. नळीवर ‘फिरवून अल्ट्रा, उरलेलं कल्चरला’ असं स्वतःच्या हाताने लिही, आणि एडीएसाठी यातलं काही देऊ नकोस. शिवाय जंतू दुसरीकडे शोध. छातीचा एक्स-रे, मानेतल्या गाठी, थुंकी निघत असेल तर तीही. बाहुल्या मोठ्या करून डोळ्याचा पडदा बघून घे. तिथे टीबीचे पिवळसर ठिपके दिसले तर यंत्राची वाट बघायलाच नको.

आणि आईवडिलांना ‘रिपोर्ट निगेटिव्ह आहे, पण खात्री नाही म्हणून औषध देतोय’ असं सांगू नकोस, ते घाबरून थांबवतील. ‘आजार पाण्यात दिसतोय, जंतू अजून पकडायचाय’ असं सांग. तेच खरं आहे.

नमुना ज्या दिवशी पाठवशील त्या दिवशी मला कळव, रात्री कितीही वाजले तरी. तिथल्या तंत्रज्ञाशी मी स्वतः फोनवर बोलेन, फिरवण्यापासून कार्ट्रिज बंद करेपर्यंत. आणि तिचा उजवा डोळा बाहेर वळायला लागला का, तेही लिही.

तुझा,
अनंत