काका, ती अठरा चित्रं तुमच्यामुळे भिंतीवर लागली

काका,

नाव छापायचं नाही असं तुम्ही दोनदा बजावलंत, म्हणून छापत नाही. नागपुरात गांधी गेटकडून महाल भागात शिरणाऱ्यांपैकी ज्यांनी तुमच्याकडून एखादी तसबीर मढवून घेतली असेल, ते तुम्हाला ओळखतीलच.

जुलैतला तो बुधवार. शुक्रवारी संध्याकाळी सिव्हिल लाइन्समध्ये प्रदर्शन उघडायचं होतं आणि बाहेरून मागवलेल्या अठरा फ्रेमांचं खोकं मी फोडलं. अकरा काचा तडकलेल्या, बाकीच्यांचे कोपरे सुटलेले. विकणाऱ्याचं उत्तर आलं, परत पाठवा, दहा दिवसांत बदलून देऊ. फ्रेममागे थोडे पैसे वाचतील म्हणून मी ती ऑर्डर टाकली होती. दर आठवड्याला तुमच्याकडे चहा पिते आणि तुम्हाला भावही विचारला नव्हता. याची लाज मला अजून वाटते. तुम्ही त्यातलं काहीच काढलं नाहीत. म्हणालात, "पोरी, काहून घाबरून राहिली? चित्रं शाबूत आहेत ना? मग होऊन जाईन."

त्या दोन रात्री मी स्टुलावर बसून बघत होते. पट्टी पंचेचाळीस अंशांत कापायची, कोपरा गुण्याला लावायचा आणि केसाएवढी फट दिसली तरी ती पट्टी बाजूला ठेवायची. रात्री दीड वाजता तुम्ही अशा तीन पट्ट्या बाजूला ठेवल्यात. मी म्हटलं, चालेल हो काका, कोणाला दिसणार आहे? तुम्ही मान वर न करता म्हणालात, "मला दिसून राहिली ना." चित्र काचेला टेकू नये म्हणून प्रत्येकाला माउंट, म्हणजे चित्राभोवतीची जाड पुठ्ठ्याची चौकट, कापलात, कारण आपल्याकडच्या पावसाळ्यात काचेच्या आत दमट झालं की कागद काचेलाच चिकटतो. पाठीमागे रद्दी पेपर लावू दिला नाहीत. तो पिवळा पडतो आणि पुढच्या कागदालाही डाग देतो. चित्रकलेचं रीतसर शिक्षण घेतलं तरी यातल्या निम्म्या गोष्टी मी तुमच्याच टेबलाशी शिकले.

आणि पळसाचा रंग. तो तर मी विसरूच शकत नाही. फाल्गुनात उमरेडकडून पळसाची फुलं आणली, उकळली, तुरटी घातली आणि त्या केशरी पाण्यानं मारबतीचं, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्याकडे मिरवतात त्या पुतळ्याचं, एक चित्र रंगवलं. तुम्ही ते कौतुकानं दुकानाच्या दर्शनी काचेत लावलंत. मे महिन्यात एके दिवशी फोन करून बोलावून घेतलंत, चित्र उतरवलंत आणि माउंटची कडा उचलून दाखवलीत. कडेखाली झाकलेली बोटभर पट्टी अजून लखलखीत होती, बाकी सगळं फिकट पिवळं. विकलं असतं तर घेणाऱ्याला फसवल्यासारखं झालं असतं. त्यानंतर मी इतवारीतून गेरू आणि पिवळी माती आणली, बाभळीच्या डिंकात घोटली. मातीतला लोहाचा रंग उन्हाला दाद देत नाही. प्रदर्शनातली अठराही चित्रं त्याच रंगांतली आहेत.

विषय मात्र तोच, मारबत. लहानपणापासून पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी खांद्यावर बसून पाहिलेली. काळी मारबत १८८१ पासूनची, पिवळी १८८५ पासूनची. सगळे तिचा चेहरा पाहतात, मला कागद चढण्याआधीचा कामट्यांचा सांगाडा खेचतो. बांबू वाकवणारे हात, सुतळीच्या गाठी, आतली पोकळी. "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत" म्हणत शहर जिला मिरवत नेऊन जाळतं, ती आतून इतकी हलकी असते. चितारओळीत मूर्ती रंगवणाऱ्यांच्या मागे उभं राहून मी रेष शिकले. माझं काम कुठून येतं असं प्रदर्शनात कोणी विचारलं की मी आधी त्या गल्लीचं नाव घेते.

विक्रीचंही सांगते. १९२४ साली नागपुरात जन्मलेल्या वासुदेव गायतोंडे यांच्या चित्रांना लिलावात कोट्यवधी मिळतात ही बातमी आपण अभिमानानं वाचतो. पण इथं राहून काम करणाऱ्याचं दोन हजारांचं चित्र घ्यायचं आपल्या सहसा मनातही येत नाही. तुमच्या मात्र आलं. देवाची तसबीर मढवायला आलेल्या माणसाला तुम्ही माझं चित्र दाखवायचात आणि सांगायचात, "इथलीच पोरगी आहे, महालातली." एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी तीन हप्त्यांत चित्र घेतलं. त्यांचे हप्ते तुम्ही तुमच्या लाल वहीत मांडलेत आणि मला पहिल्याच दिवशी पूर्ण पैसे दिलेत. स्वतःचा एक रुपया धरला नाहीत. गेल्या वर्षी मुंबईतल्या एका सामूहिक प्रदर्शनात माझी दोन चित्रं होती, कौतुक खूप झालं, विकलं एकही गेलं नाही. तुमच्या दुकानातून वर्षभरात सात गेली. त्यातली पाच घरं मी जाऊन पाहिली आहेत. एका घरी मारबत देवघराशेजारी आहे, बाई म्हणाल्या, पीडा घेऊन जाणारी आहे, राहू द्या इथंच.

शुक्रवारी तुम्ही आलात तेव्हा प्रदर्शन बंद व्हायला दहा मिनिटं होती. धुतलेला पांढरा शर्ट, नखांत अजून फेव्हिकॉल. चित्रांकडे नंतर पाहिलंत, आधी प्रत्येक फ्रेमचा खालचा उजवा कोपरा अंगठ्यानं चाचपून गेलात. अठराही. मी दाराशी उभी राहून पाहत होते आणि मला काही बोलता आलं नाही. तेव्हा राहिलेलं हे आज लिहिते आहे. मनापासून आभार, काका.

पोळा झाला की येते. यंदाच्या मारबतीची रेखाटनं होतील तितकी घेऊन येईन. पट्टी साधी सागवानीच ठेवा, आणि किती होतील ते यावेळी आधी सांगा.

तुमची,
महालातली पोरगी