झाडीपट्टीच्या गाणाऱ्या लेकरांचा गळा कोण सांभाळणार?

मा. संपादक साहेब, नमस्कार.

मी वडसा तालुक्यातल्या एका खेड्यातला. धानाची शेती आहे, आणि दिवाळी ते होळी झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या, रात्रभर चालणाऱ्या नाटकात ऑर्गन वाजवतो, वीस-बावीस वर्षं झाली. पत्र लिहायचं कारण माझी पुतणी. वय 22, आवाज असा की तिचं पहिलं पद लागलं की मागं शेकोटीपाशी बसलेली माणसं उठून पुढं येऊन बसायची. मागच्या हंगामात तिनं सलग अकरा नाईट (रात्रीचे प्रयोग) केल्या, मधे एक रात्रही सुटी नाही, थंडीत रात्री उघडलेला पडदा पहाटेच पडणार, मग गाडीतच झोपायचं आणि दुसऱ्या गावी उतरून पुन्हा तोंडाला रंग. संक्रांतीनंतर गळा बसला. आम्ही ज्येष्ठमध दिलं, खडीसाखर दिली, नाटक कंपनीवाले म्हणाले हंगामात बसतोच, माईक वाढवून देतो. मीही तेच म्हणालो, आणि त्याचं वाईट मला अजून वाटते.

शेवटी नागपूरला नेलं. डॉक्टरनं घशात दुर्बीण घालून स्क्रीनवर दाखवलं, स्वरपडद्यांवर दोन्ही बाजूंनी गाठी. कॅन्सर वगैरे नाही, कुदळ धरून हाताला घट्टे पडतात तसे घट्टे. ते समजावताना डॉक्टरनं विचारलं, हिचा सूर कोणता? मी म्हटलं काळी चार, म्हणजे पेटीवरची चौथी काळी पट्टी. तर म्हणे त्या सुरात षड्ज (सा) लावला की पडदे सेकंदाला दोनशेच्या वर वेळा एकमेकांवर आदळतात, तार षड्जाला, म्हणजे वरच्या सा ला, चारशेच्या वर. मी इतकी वर्षं काळी चार दाबतो आहे, कधी हा हिशेब मनात आला नव्हता, आणि असं रात्रभर, अकरा रात्री.

घरी आल्यावर मुलीनं मोबाईलवर ऑपेराचे व्हिडीओ लावून दिले. युरोपातलं हे संगीत नाटकच, पण बहुतेक वेळा सुरुवातीपासून शेवटपर्यंत गाऊनच, आणि माईक नाही! समोर साठ-सत्तर वाजवणारे आणि एकटा माणूस त्यांच्यावरून थिएटरच्या शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जातो. ओरडून नाही बरं का. शिकलेल्या आवाजात 3000 हर्ट्झच्या (सेकंदाला तीन हजार कंपनं) आसपास एक धार येते, तिथं वाद्यांचा जोर कमी असतो आणि माणसाचा कान जास्त जागा असतो, म्हणून तो आवाज वाद्यांतून आरपार निघतो. ती धार यायला वर्षं लागतात, श्वास, जबडा, जीभ सगळं सुधारून घ्यावं लागते, वर इटालियन, जर्मन, फ्रेंच भाषेचे उच्चार.

ऑपेराचा नावाजलेला गायक पावारोट्टी, त्याचंच बघा. इटलीतल्या मोदेना गावचा, बाप बेकरीत पाव भाजायचा आणि स्वतः हौसेनं गायचा. 1954 ला एकोणिसाव्या वर्षी नीट शिकायला लागला, घरची परिस्थिती बघून गुरू आरिगो पोला यांनी फी घेतली नाही. पोटासाठी शाळेत शिकवलं, इन्शुरन्स विकला. आणि त्याच्याही स्वरपडद्यावर गाठ झाली होती, एक कार्यक्रम इतका वाईट झाला की गाणं सोडतो म्हणाला. नंतर आवाज सुधारला आणि 1961 ला ऑपेरातली पहिली मोठी भूमिका मिळाली. म्हणजे सात वर्षं फक्त तयारी! हे पुतणीला वाचून दाखवलं तर ती पाटीवर लिहून विचारते, काका, त्याला सुटी कोण देत होतं?

तिथं विशी-पंचविशीतल्या पोरांना सगळ्यात जड भूमिका देत नाहीत, आवाज पिकू देतात. आमच्याकडं जिचा गळा चांगला तिच्यावरच सगळी पदं, आणि जास्तीत जास्त तारखा.

आणि शिक्षणाचं काही विदर्भाला वावडं नाही. वसंतराव देशपांडे मूर्तिजापूरचे, नागपूरला शंकरराव सप्रे गुरुजींकडं लहानपणापासून शिकले, कितीतरी वर्षं मिलिटरी अकाउंट्समध्ये नोकरी केली, आणि 'कट्यार काळजात घुसली'तले खाँसाहेब त्यांनी केले ते 1967 ला, सत्तेचाळिसाव्या वर्षी. ते नाटक लिहिणारे दारव्हेकर मास्तरही नागपूरचेच.

झाडीपट्टीला मान मिळतो आहे, 2023 ला आमच्या रंगभूमीचे नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा आम्ही गावोगाव पेढे वाटले. पण गाणाऱ्या लेकरांना शिकवायला वडश्यात आवाजाचा एक मास्तर नाही. आमचं मागणं फार नाही. पावसाळ्यात रोवणी आटोपली की कलाकार रिकामे असतात, तेव्हा सांस्कृतिक खात्यानं दोन महिने आवाजाचं शिक्षण देणारा माणूस वडश्याला पाठवावा. दिवाळीआधी घशाच्या डॉक्टरचं एक शिबिर व्हावं, दुर्बिणीसकट. आणि कंपनी मालकांना हात जोडून सांगणं आहे की गाणाऱ्या नटीला आठवड्यात दोन रात्री सुटी द्या, पदं दोघींत वाटून द्या, लागलं तर माझ्या नाईटचे पैसे कमी करा.

पुतणीला सध्या बोलायचीही मनाई आहे. त्यानंतर नागपूरला स्पीच थेरपी, महिन्यातून दोन फेऱ्या, आणि आवाज किती परत येईल ते डॉक्टर आत्ताच सांगत नाहीत. यंदाच्या मंडईच्या (दिवाळीनंतरच्या गावजत्रेच्या) नाटकाची तारीख घ्यायला माणसं येऊन गेली. तिनं पाटीवर 'नाही' लिहिलं आणि आत निघून गेली.

— झाडीपट्टीचा एक ऑर्गनवाला, ता. देसाईगंज (वडसा), जि. गडचिरोली